परसातील टोमॅटो : निदान आधी, औषध मागाहून

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि तालुक्याचे अधिकारी यांच्या परसबागविषयक मेळाव्यात एका निवृत्त कृषी अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



परसबागेवर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा फारसा विचार करावा लागला नाही. शाळेच्या आवारातील वाफा असो, मोरीच्या पाण्यावर जोपासलेले घरामागचे परस असो, की शहरातील गच्चीवर मांडलेले तेलाचे रिकामे डबे असोत, टोमॅटोची चार रोपे नाहीत अशी परसबाग सहसा आढळत नाही. दक्षिण अमेरिकेतून निघालेले हे झाड पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले आणि आज ते आपल्या आमटीत, कोशिंबिरीत आणि चटणीत इतके मिसळून गेले आहे की ते परके होते हेच आपण विसरलो. विदर्भातील घरांतून तर ‘भेदरं’ हे त्याचे घरगुती नावही रूढ झाले आहे.

या झाडाविषयी मला जे प्रश्न विचारले जातात, ते बहुतेक एका वाक्यात मावतात : “साहेब, टोमॅटोची पाने बिघडली आहेत, काय फवारू?” या वाक्याचा पूर्वार्ध योग्य आहे, उत्तरार्ध मात्र घाईचा आहे. पाने बिघडली आहेत हे निरीक्षण झाले. ती का बिघडली, हा पुढचा प्रश्न विचारण्याआधीच आपण औषधाच्या बाटलीकडे हात नेतो. आजचे माझे सांगणे या दोहोंच्या मधल्या पायरीविषयी आहे.

एक चूक

प्रारंभीच माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीचे पहिलेच वर्ष होते. मार्च महिना. एका गावात बैठक आटोपून परतत असता एका वृद्ध बाईंनी मला कुडापाशी थांबविले. त्यांच्या परसात चार डब्यांतून टोमॅटोची चार झाडे होती. “भाऊसाहेब, पानं अशी का आखडली हो?” असे त्यांनी विचारले. मला पुढच्या गावी जावयाचे होते. मी कुडाबाहेरूनच पाहिले, पाने वळलेली दिसली, आणि पुस्तकात नुकताच वाचलेला रोग जिभेवर आला. “हा पर्णगुच्छ आहे. याला उपाय नाही. उपटून टाका, नाहीतर इतर झाडांना लागेल,” असे सांगून मी निघून गेलो.

चार दिवसांनी त्याच वाटेने परतलो, तेव्हा ती चारही झाडे उकिरड्यावर पडली होती. वाळत आलेल्या फांद्यांना हिरवी फळे लगडलेली होती. मी जवळ जाऊन पाहिले. शेंड्याची पाने निरोगी होती. खालची तेवढी लांबीच्या दिशेने सुरळीसारखी वळली होती. तो रोग नव्हता. मार्चच्या उन्हात पाण्याची ओढ बसल्याने झाडाने स्वतःच केलेली ती तजवीज होती. संध्याकाळचे दोन तांबे पाणी आणि दुपारची थोडी सावली, एवढाच त्यावरचा उपाय होता. बाईंना मी ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. “साहेबांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं वाटलं,” एवढेच त्या म्हणाल्या.

ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. आपण या सभागृहात बसलेले सारे, मग आपण शिक्षक असू, सदस्य असू वा अधिकारी, अशा जागी आहोत की आपले बोलणे लोक तपासून पाहत नाहीत. म्हणून ते आपणच तपासले पाहिजे. झाडाच्या दुखण्याला नाव देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावयाचे, असा नियम मी त्या दिवसापासून स्वतःला घालून घेतला. ते पाच प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवीत आहे. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. दोन डोळे, एक कोरा कागद, पाण्याचा एक पेला आणि थोडा धीर एवढे साहित्य पुरते.

पहिला प्रश्न : पान जुने की नवे?

झाडाकडे पाहताना प्रथम बिघाड कोठे सुरू झाला ते पाहावे. बुडाच्या जुन्या पानांवर की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर? या एका प्रश्नाने अर्धे निदान होते.

कारण असे की, नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात फिरती असतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरविते. घरात धान्य कमी पडले की वडीलधारी माणसे आपल्या ताटातले कमी करून लेकरांना वाढतात, तसाच हा प्रकार होय. म्हणून खालची पाने सरसकट फिकट पिवळी पडत असतील आणि झाडाची वाढ खुंटली असेल, तर नत्राची उणीव संभवते. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर मॅग्नेशियमची. खालच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होत असतील, तर पालाशची.

लोहाचे तसे नाही. ते एकदा जेथे पोचले तेथून सहसा हलत नाही. त्यामुळे त्याची उणीव शेंड्याच्या पानांवर दिसते : कोवळे पान पिवळे, किंबहुना पांढुरके, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. आपल्याकडील चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे दृश्य वारंवार दिसते. तेथे जमिनीत लोह नसते असे नव्हे. चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. अशा वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत भरपूर मिसळावे. गरज वाटल्यास हिराकशीच्या सौम्य फवारणीविषयी कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांचा सल्ला घ्यावा. येथे कीडनाशकाचा कितीही मारा केला तरी ते पान हिरवे होणार नाही, हे सांगावयास नकोच.

आणखी एक गोष्ट. फळांनी भरलेल्या झाडाची अगदी बुडाची दोन-तीन पाने वयोमानाने पिवळी पडून गळतात. तो रोग नव्हे. त्याची चिंता करू नये.

दुसरा प्रश्न : एक झाड की सारा वाफा?

रोग आणि किडी सहसा एका झाडापासून सुरू होऊन शेजारी पसरतात. एकाच दिवशी, एकाच तऱ्हेने सारी झाडे बिघडली असतील, तर कारण बहुधा बाहेरचे असते : पाणी, खत, हवा किंवा माणसाचा हात.

याचे एक ठळक उदाहरण तणनाशकाचे आहे. टोमॅटोचे झाड २,४-डी या तणनाशकाला फार हळवे असते. बांधावर किंवा शेजारच्या शेतात ते फवारले असता वाऱ्याने उडालेले तुषारही पुरेसे होतात. पाने अरुंद होतात, पीळ पडतो, देठ खाली वाकतात आणि कोवळी पाने नेच्याच्या पानांसारखी दिसू लागतात. पाहणारा ‘व्हायरस’ म्हणून मोकळा होतो. असे दृश्य दिसल्यास आधी विचारावे की, गेल्या पंधरवड्यात जवळपास तण मारले होते काय, आणि परसबागेसाठी आणलेला फवारणी पंप पूर्वी कशासाठी वापरला होता? तणनाशकाचा पंप निराळाच ठेवावा. तो धुऊनही परसबागेत वापरू नये.

तिसरा प्रश्न : डाग कसा आहे?

पानावर डाग असेल तर त्याचा आकार, कड आणि मध्य नीट न्याहाळावा. शाळेत एक साधे भिंग असेल तर उत्तम.

खालच्या पानांवर तपकिरी डाग, त्यात नेमबाजीच्या निशाणासारखी एकात एक वर्तुळे आणि भोवती पिवळी कड असेल, तर तो लवकर येणारा करपा होय. अल्टरनेरिया नावाची बुरशी त्यास कारणीभूत असते. पावसाच्या किंवा झारीच्या थेंबांबरोबर मातीतून ती खालच्या पानांवर उडते आणि मग वर चढते. डाग लहान, गोल, मध्ये राखाडी, कडेला गडद, आणि मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील, तर तो सेप्टोरिया बुरशीचा ठिपक्या रोग समजावा. दोहोंवर पहिला उपाय एकच : रोगट खालची पाने काढून दूर पुरावीत, बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, झाडाला काठीचा आधार द्यावा, आणि पाणी सकाळी, मुळाशी, पाने न भिजविता द्यावे. परसातील पाच-दहा झाडांना बहुधा एवढे पुरते.

उशिरा येणारा करपा मात्र निराळ्या योग्यतेचा शत्रू आहे. थंड, ढगाळ, ओलसर हवेत आणि धुक्याच्या दिवसांत तो येतो. पानावर पाण्यात भिजल्यासारखे काळपट चट्टे पडतात, त्यांना नेमकी कड नसते, आणि सकाळी पान उलटून पाहिले असता चट्ट्याच्या कडेने पांढरी लव दिसते. पाहता पाहता चार-आठ दिवसांत झाड काळे पडते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडवून सुमारे दहा लाख माणसांच्या मृत्यूस कारण झालेला रोग तो हाच. बटाटा आणि टोमॅटो ही एकाच कुळातील भावंडे आहेत. येथे मात्र धीर धरण्यात अर्थ नाही. रोगट झाडे त्याच दिवशी काढून खोल पुरावीत आणि उरलेल्यांसाठी तातडीने तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

पानावर चिरडीस आल्यासारख्या पांढऱ्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर ती नागअळीची करामत. थोड्याशा रेषांनी झाडाचे काही बिघडत नाही. परंतु रेषेऐवजी फोडासारखे रुंद, पारदर्शक चट्टे दिसले, त्यांत काळी विष्ठा असली आणि फळांवरही टाचणीएवढी छिद्रे असली, तर सावध व्हावे. तो टूटा हा पतंग असू शकतो. ही दक्षिण अमेरिकेतील कीड भारतात प्रथम २०१४ साली महाराष्ट्रातच आढळली. अशी पाने व फळे खतखड्ड्यात न टाकता नष्ट करावीत आणि कृषी विज्ञान केंद्रास कळवावे.

चौथा प्रश्न : पानाच्या पाठीमागे काय आहे?

झाडाचे दुखणे बरेचदा पानाच्या खालच्या बाजूस दडलेले असते, आणि आपण पाहतो ती वरची बाजू. म्हणून पान उलटल्याशिवाय मत देऊ नये. मी कुडाबाहेरून निदान केले ते येथेच चुकले.

झाड हलविताच तांदळाच्या कणीएवढे पांढरे कीटक उडाले, तर ती पांढरी माशी. पानाखाली हिरवट वा काळपट मऊ किडे दाटीने चिकटलेले, पाने चिकट आणि झाडावर मुंग्यांची रांग असेल, तर मावा. पानाच्या वरच्या बाजूस असंख्य फिकट ठिपके आणि खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम तंतू असतील, तर लाल कोळी. हा कोळी इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. त्यासाठी कोरा कागद पानाखाली धरावा आणि पानावर टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर उत्तर मिळाले. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. कोळी उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत वाढतो. पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास तो पुष्कळ कमी होतो. वरच्या बाजूस पिवळे चट्टे आणि खाली पांढरी भुकटी दिसली, तर भुरी समजावी.

मावा आणि पांढरी माशी यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क हा परसबागेतला भरवशाचा उपाय आहे. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, आणि एकूण एक लिटर द्रावण करून त्यात थोडासा साबणाचा चुरा मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावे. पिवळे चिकट सापळेही टांगावेत.

पाचवा प्रश्न : मातीत आणि मुळाशी काय आहे?

पानावर दिसते ते सर्व पानाचे नसते. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. माती चिखलासारखी ओली आणि पाने पिवळी, असे असेल तर मुळे गुदमरत आहेत. डब्याला खाली भोक आहे काय, तेही पाहावे. पुष्कळ डबे मी बिनभोकाचे पाहिले आहेत. मातीवर पांढरी खार फुटली असेल आणि पानांची टोके करपत असतील, तर विंधनविहिरीच्या खाऱ्या पाण्याचा किंवा अति खताचा संशय घ्यावा.

दुपारी मान टाकणारे झाड संध्याकाळी ताठ होत असेल, तर ते उन्हाने दमले होते एवढेच. परंतु हिरवेगार झाड एकाएकी कोमेजले आणि पाणी देऊनही सकाळी उभे राहिले नाही, तर जिवाणूजन्य मर संभवते. उष्ण आणि दमट भागांत हा रोग विशेष त्रास देतो. त्याची परीक्षा पेल्यात करता येते. बुडाजवळच्या खोडाचा बोटभर तुकडा कापावा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात त्याचे कापलेले टोक बुडवून धरावे. काही मिनिटांत त्यातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरू लागला, तर ते जिवाणू होत. अशा झाडाला औषध नाही. ते मुळासकट काढावे आणि त्या जागी काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची वा बटाटा लावू नये. धागा उतरला नाही, खालची पाने आधी आणि बरेचदा एकाच बाजूने पिवळी पडली, आणि खोड उभे चिरल्यावर आतून तपकिरी रेषा दिसल्या, तर ती बुरशीजन्य मर होय.

काढलेल्या झाडाच्या मुळांकडेही एकदा पाहावे. मुळांवर माळेतल्या मण्यांसारख्या गाठी असतील, तर सूत्रकृमींचा प्रादुर्भाव आहे. अशा जागी एक हंगाम दाट झेंडू लावणे हितकारक ठरते.

आखडलेली पाने

आता ज्या दुखण्यापासून मी आरंभ केला, त्याकडे वळतो. खालची, जुनी पाने सुरळीसारखी वरच्या बाजूस वळलेली, जाड, पण हिरवी, शेंडा निरोगी, फुले-फळे चालू : हे उन्हाचे, पाण्याच्या ओढीचे किंवा एकाच वेळी अधिक छाटणी केल्याचे लक्षण आहे. झाड उपटू नये.

उलट शेंड्याची नवी पाने बारीक, सुरकुतलेली, कडांनी पिवळी आणि वर वळलेली, पेरे आखूड, झाड झुडपासारखे खुजे, फुले गळणारी : हा पर्णगुच्छ होय. पांढरी माशी त्याचा विषाणू वाहून नेते. विषाणूवर औषध नाही. असे झाड लहान असतानाच काढावे, रोपे बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीखाली वाढवावीत, आणि भोवती मक्याच्या दोन ओळी पेराव्यात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. मात्र संकरित वाण असल्याने त्याच्या फळांचे बी पुढील वर्षासाठी धरू नये.

पानावर फिकट आणि गडद हिरव्या रंगाची नक्षी दिसली, तर तो मोझॅइक. त्याचा एक प्रकार तंबाखूच्या झाडावर असतो. विषाणू नावाची काही वस्तू आहे याचा शोध १८९० च्या दशकात इव्हानोव्स्की आणि बायेरिंक या शास्त्रज्ञांनी याच रोगाचा अभ्यास करताना लावला. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हाताला लागून झाडावर जातो. तेव्हा तंबाखू मळून कोणी वाफ्यात शिरू नये. शिरावयाचेच असेल, तर आधी साबणाने हात धुवावेत. परसबागेच्या निमित्ताने ती सवयच सुटली, तर फायदा दुहेरी होईल.

येथे आणखी एका प्रसंगाची आठवण देतो. मे २०२० मध्ये पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) या जिल्ह्यांत टोमॅटोची फळे धड लाल न होता रंगीबेरंगी होऊ लागली. लोकांनी त्यास ‘तिरंगा’ म्हटले. कोरोनाचे दिवस होते. हा विषाणू माणसालाही बाधतो अशी आवई उठली आणि आधीच अडचणीत सापडलेल्या उत्पादकांचा माल घेण्यास गिऱ्हाईक कचरू लागले. बंगळूरच्या संस्थेतील तपासणीत तो प्रामुख्याने काकडीवरील मोझॅइकचा विषाणू असल्याचे आढळले. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला रोग देत नाहीत. निदानापूर्वीच निष्कर्ष काढल्याने काय होते, याचा तो मोठ्या प्रमाणावरील धडा होता. माझी चार डब्यांची चूक आणि ही आवई, दोहोंचे मूळ एकच.

औषधाची बाटली

औषधे मुळीच वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. शेतीत त्यांना स्थान आहे. परंतु परसातील फळ मुले येता-जाता तोडून तशीच तोंडात घालतात. शाळेच्या वाफ्यातला टोमॅटो पोषण आहाराच्या पातेल्यात जातो. तेथे चुकीच्या निदानावर मारलेली फवारणी नुसती वाया जात नाही. ती मुलांच्या ताटात उतरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून काही पथ्ये सांगतो. कीडनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. लाल व पिवळ्या त्रिकोणाच्या औषधांना घराच्या आणि शाळेच्या परसात प्रवेश नसावा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असाही अर्थ नव्हे. बाटलीवर टोमॅटोचे नाव नसेल तर ते औषध टोमॅटोवर मारू नये. फवारणीनंतर फळ तोडण्यापूर्वी किती दिवस थांबावयाचे ते वेष्टनावर लिहिलेले असते. ते वाचावे आणि पाळावे. मुलांच्या हाती पंप कधीही देऊ नये. शेतासाठी आणलेल्या औषधातले उरलेले थोडे परसात मारण्याची सवय सर्वांत घातक आहे.

आपण काय करावे

शिक्षक मित्रांना माझी सूचना अशी. परसबागेजवळ एक वही ठेवावी. आठवड्यातून एकदा दोन मुलांनी एकेक झाड पाहावे आणि या पाच प्रश्नांची उत्तरे तारखेसह लिहावीत. जमल्यास पानाचे चित्र काढावे. विज्ञानाच्या तासाला निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक फळ्यावर शिकविण्यापेक्षा तो येथे अधिक चांगला शिकविता येतो. ‘पान पिवळे आहे’ हे निरीक्षण, ‘नत्र कमी आहे’ हे अनुमान. आणि खत घातल्यावर दहा दिवसांनी नवे पान कसे आले, ही त्या अनुमानाची परीक्षा. ही शिस्त ज्या मुलाच्या अंगी बाणली, ते मूल पुढे शेतात, दवाखान्यात वा कचेरीत कोठेही गेले, तरी ऐकीव गोष्टीवर झाड उपटणार नाही.

पंचायत सदस्यांना विनंती अशी की, गावातील एखादे दुखणे ओळखू येत नसेल, तर त्याचे पान, खोड आणि मूळ असे तिन्ही, कोरड्या कागदात गुंडाळून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था करावी. सोबत झाड केव्हा लावले, काय फवारले, पाणी कोणते, हे लिहावे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांत वनस्पतींच्या रोगांचे जाणकार आहेत. भ्रमणध्वनीवरून छायाचित्र पाठविणे आज सोपे झाले आहे. तेही अवश्य करावे. पण पान पालथे करून दुसरे आणि सगळ्या झाडाचे तिसरे छायाचित्र काढल्याखेरीज ते अपुरेच राहते.

आणि अधिकारी बंधूंना, ज्यांत मी स्वतः होतो, एवढेच सांगावयाचे आहे की, “मला आत्ताच सांगता येत नाही, उद्या पाहून सांगतो,” या वाक्यात कमीपणा नाही. ते वाक्य मी त्या मार्च महिन्यात उच्चारले असते, तर चार झाडांची फळे एका घरात महिनाभर पुरली असती.

त्या बाईंना पुढल्या हंगामात मी रोपे नेऊन दिली. त्यांनी ती लावली. पहिल्या पानाला पीळ पडताच त्यांनी मला निरोप धाडला नाही. स्वतःच पान उलटून पाहिले, मातीत बोट घातले, आणि दोन तांबे पाणी ओतले. मी गेलो तेव्हा झाडे उभी होती. “या वेळी तुम्हाला विचारलं नाही, भाऊसाहेब,” असे त्या हसत म्हणाल्या. आपल्या खात्याच्या कामाची इतकी चांगली पावती मला त्यानंतर क्वचितच मिळाली.